बाळारामच्या वाट्यावरची माती

आम्ही ज्या खोलीत राहायला आलो तिला दोन दारं होती. पुढचं हिराकाकींच्या अंगणात उघडायचं आणि मागचं खाडीकडे. मागचं दार लावून घेतलं तरी खारा वारा फटीतून आत यायचाच. मायचे तवे गंजायचे, बाबांच्या थापीची मूठ चिकट व्हायची आणि पापड तर घरात टिकायचाच नाही. दिवसभर डोंगराकडून मुरुमाचे डंपर खाली यायचे, त्यांच्या घरघरीत माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही. दुपारी जेवणाच्या सुट्टीत डंपर थांबले की मग खाडी ऐकू यायची. भरतीचं पाणी बांधाला लागताना चुळुकचुळुक असा आवाज होतो. मराठवाड्यातल्या आमच्या गावात पाण्याचा आवाज म्हणजे घागर बुडण्याचा आवाज, तोही वर्षातले चार महिने. त्यामुळे पहिले काही दिवस मी मागच्या दारात बसून नुसती ऐकत राहायची आणि माय मला कामचोर म्हणायची.

बाबा गवंडी होते. दुष्काळानंतर गाव सुटलं ते सुटलंच, आणि खाडीच्या या बाजूला नवं शहर उठतंय, तिथे हाताला काम आहे, एवढं ऐकून आम्ही आलो. शहर म्हणजे तेव्हा नेरूळच्या माळावर अर्ध्या उभ्या राहिलेल्या इमारती, लोखंडी सळ्या आणि मैलभर नुसती धूळ. त्या इमारतींत राहणारे लोक अजून यायचे होते. त्या बांधणारे आमच्यासारखे लोक मात्र जुन्या गावात, आगरी लोकांच्या घरांमागे काढलेल्या खोल्यांतून भाड्याने राहायचे. आमच्या ओळीत मराठवाड्यातली आणि कोकणातली घरं होती, बहुतेक आमच्यासारखीच बौद्ध. भिंतीवर बुद्धाची तसबीर टांगण्यापुरता खिळा ठोकायला मायने हिराकाकींची परवानगी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "ठोक ना बाय. भिंत काय पडाला नाय आली." पण खिळा ठोकला तेव्हा गिलाव्याचा मोठा पोपडा पडला आणि त्या दिवसापासून त्या दोघींची मैत्री जमली, ती हसण्यावरून.

मैत्री जमली तरी जेवण जमायला वेळ लागला. मायला ज्वारीची भाकरी हवी. इथे तांदळाची. ती थापताना पिठाची उकड काढावी लागते हे मायला ठाऊक नव्हतं, त्यामुळे तिच्या पहिल्या भाकरीचे तव्यावर तुकडे झाले. हिराकाकी दारात उभ्या राहून ते बघत होत्या. त्यांनी परात ओढली, पीठ पुन्हा उकडलं आणि पाण्याच्या हाताने अशी भाकरी थापली की ती परातीतून तव्यावर आपण होऊन गेल्यासारखी वाटली. बदल्यात मायने त्यांना शेंगदाण्याची चटणी शिकवली. निवट्यांचं कालवण मात्र मायने कधी खाल्लं नाही. चिखलावर उड्या मारणारा तो मासा तिला मासा वाटायचाच नाही. मी खाल्लं, आणि अजूनही कोणी आणून दिलं तर बोटं चाटून खाते.

पाणी तळ्याचं. गावाच्या खाली भातखाचरं, खाचरांपलीकडे बांध, बांधापलीकडे खाडी. आणि गाव आणि खाचरं यांच्या मधोमध ते तळं. एवढ्या खाऱ्या मुलखात ते पाणी गोड कसं, याचं मला फार नवल वाटायचं. पावसाचं पाणी डोंगरावरून उतरून त्यात साठायचं आणि पुढच्या पावसापर्यंत सगळ्या गावाला पुरायचं. विहिरीही त्याच्याच जोरावर. पहिल्या दिवशी हिराकाकी आम्हाला तळ्यावर घेऊन गेल्या आणि पलीकडचा, लव्हाळी वाढलेला कोपरा दाखवून म्हणाल्या, "तुमी त्या बाजून भरा." बस, एवढंच. कारण सांगितलं नाही आणि मायने विचारलं नाही. न सांगितलेलं ऐकायची तिला लहानपणापासून सवय होती. मी मात्र घरी येऊन हंडा आपटला आणि त्याबद्दल मार खाल्ला.

मायबद्दल थोडं सांगायला हवं. ती शिकलेली नव्हती, पण मातीतलं तिला कळत होतं. दुष्काळात तिने सरकारी कामावर आधी खडी फोडली, मग नाल्यांचे बांध घातले, मग पाझर तलावाच्या भिंतीवर माती टाकली. तिच्या टोळीतल्या बाया तिचं ऐकायच्या, कारण ती स्वतः आधी पाटी उचलायची आणि मग बोलायची. आवाज मोठा, जीभ तिखट. खाडीचा बांध तिने पहिल्यांदा पाहिला तेव्हा ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली आणि म्हणाली, "धुम्मस न मारता बांध घालत्यात? ह्यो तर पहिल्याच पाण्यात जायचा." हे ऐकायला शेजारी होते आमचे घरमालक, हिराकाकींचे यजमान गोमाकाका. ते हसत हसत खाली बसले. म्हणाले, "गयाबाय, खारीची माती ठोकायची नसते. ती कापून आनायची, रचायची, नि मंग तिला पडू द्यायची. ती आपली आपन बसते." मायला पटलं नाही. एका संध्याकाळी तिने खरंच लाकडी ओंडक्याची धुम्मस करून बांधाचा एक कोपरा ठोकून पाहिला. चिखल बाजूने फुगून बाहेर आला आणि तिचा पाय घोट्यापर्यंत आत गेला. त्यावर पुढे कित्येक दिवस गोमाकाका घरात शिरताना "धुम्मस कुठं हाय?" असं विचारायचे, आणि मायही रागावल्याचं सोंग करायची.

गोमाकाका जोळाचे पुढारी होते. बांध राखणाऱ्या घरांची जी जूट, तिला तिथे जोळ म्हणत. सगळा बांध घराघरांत वाटलेला. अमुक दगडापासून तमुक तिवराच्या खुंटापर्यंत या घराचा, तिथून पुढे त्या घराचा. ज्याची खाचरं त्याचा बांधावर वाटा, आणि वाटा म्हणजे हक्क नव्हे, काम. दर उन्हाळ्यात प्रत्येकाने ओहोटीच्या वेळी खाडीतला चिखल कापून आपल्या वाट्यावर चढवायचा. खेकडे बिळं पाडतात ती बुजवायची. आणि या सगळ्यावर एकच कडक नियम: दुसऱ्याच्या वाट्यावर माती टाकायची नाही. माती टाकली म्हणजे त्या वाट्यावर आणि पुढे त्याच्या शेतावर डोळा ठेवला, असा सरळ अर्थ. भाऊ भावाच्या वाट्याला हात लावत नसे. कोणी आजारी पडलं तर त्याने स्वतः येऊन, चार माणसांसमोर, "माज्या वाट्यावर माती घाल" असं म्हणायला हवं, तरच शेजारी घमेलं उचलणार. नियमामागे शहाणपण असणार, कारण पिढ्यान् पिढ्या तो बांध टिकला होता.

रविवारी गोमाकाका पोरांना बांधावर न्यायचे. आपली, परकी, भाडेकरूंची, जी येतील ती. बांधाला डोळे जितके जास्त तितके बरे, असं त्यांचं साधं म्हणणं. चालता चालता ते कोणाचा वाटा कुठे संपतो ते विचारायचे. आतल्या बाजूची माती चिमटीत घेऊन जिभेवर ठेवायला लावायचे. "खारी का गोड?" आम्ही तोंडं वाकडी करायचो. पण महिन्याभरात कुठल्या खाचरातली माती पावसाने धुतली गेलीय आणि कुठे अजून मीठ आहे ते आम्हाला डोळे मिटून सांगता यायला लागलं. पुढे मी शाळेत शिकवायला लागले, त्यानंतर काही वर्षांनी पर्यावरण नावाचा विषय आला, त्याचं पुस्तक आलं, त्यात गाळलेल्या जागा भरा आल्या. मी मुलांना घेऊन खाडीकडे जायची तेव्हा एका पालकाने तक्रार केली की बाई पोरांना चिखलात नेतात. मी त्यांनाही बोलावलं. ते आले नाहीत, त्यांची बायको आली आणि नंतर दर वर्षी येत राहिली.

आता मी ज्या सोसायटीत राहते तिथे चौथ्या मजल्यावरच्या बाथरूमचं पाणी तिसऱ्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात झिरपतं. वर्ष झालं. वरचे म्हणतात पाइप सोसायटीचा, सोसायटी म्हणते फरशी तुमची, आणि खालच्या बाई पातेलं लावून बसल्या आहेत. मीटिंगमध्ये सगळे मुद्दे मांडून झाले की मला हसू येतं आणि सेक्रेटरी माझ्याकडे रागाने बघतात. मी त्यांना काय सांगणार? मी याहून मोठं गळणं पाहिलेलं आहे.

आम्ही आलो तेव्हाच खाचरं सरकारने नव्या शहरासाठी घेतलेली होती. म्हणजे कागदावर घेतलेली. प्रत्यक्षात भराव अजून आमच्या बाजूला पोचला नव्हता. काही जण भात लावायचे, काहींनी सोडून दिलं होतं. जमीन गेली म्हणून माणसं बांधावर यायची हळूहळू थांबली. गोमाकाका घरोघर जायचे. "अरे, जमीन गेली, तलं कुठं गेलंय?" असं म्हणायचे. नळ येणार असं लोक म्हणायचे. येणार होतेच, पण येईपर्यंत प्यायचं काय? तरी बऱ्याच घरांनी गोमाकाकांच्या शब्दाखातर आपापले वाटे राखले. राखला नाही तो बाळारामने. बाळारामचा वाटा तळ्याच्या अगदी समोर. तो पनवेलला दुकान काढून तिकडेच राहायला गेला होता आणि सरकारशी भांडत होता. जमीन घेतली ती चुकीची घेतली, माझा ताबा अजून आहे, असं त्याचं म्हणणं होतं आणि खोटंही नसावं. पण त्यामुळे झालं असं की तो स्वतः माती टाकायला येईना आणि दुसऱ्या कोणाला टाकू देईना.

त्या वर्षी गणपती बसायच्या आधी, बांधावरून चालताना, त्याच्या वाट्याच्या आतल्या बाजूला मला ओल दिसली. ऊन चांगलं पडलं होतं, दोन दिवस पाऊस नव्हता, आणि तेवढाच पट्टा काळा. मी माती जिभेवर ठेवली. खारी. मी तिथूनच ओरडले. गोमाकाका धावत आले, गुडघ्यावर बसले, खेकड्याच्या बिळात हात कोपरापर्यंत घातला आणि कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. शेजारी चिखल होता, हातात फावडं होतं. मी म्हटलं, "काका, बुजवा ना." ते माझ्याकडे बघून म्हणाले, "पोरी, त्यो बाळारामचा हाय." मला तेव्हा इतका राग आला होता की मी एक ढेकूळ उचललं. त्यांनी माझं मनगट धरलं, घट्ट.

दुसऱ्याच दिवशी ते एस.टी.ने पनवेलला गेले आणि संध्याकाळी परत आले. हिराकाकींनी चहा दिला तो समोर थंड झाला. शेवटी मायने मागच्या दारातून विचारलं, "काय म्हनला वो भाऊ?"

"बोलला, माज्या वाट्यावर कोनी घमेला टाकला त मी त्याला कोर्टान उभा करीन. सरकारचा मानूस समजीन त्याला."

"मग तुमी सोता या म्हनावं."

"बोललो. बोलतो, टायम नाय."

गौरी-गणपती गेले. पौर्णिमेच्या दुपारी उधाण आलं आणि बाळारामच्या वाट्यावर खांड पडली. मी शाळेतून येत होते. गावातल्या बायका ओरडत खाली धावताना दिसल्या म्हणून मीही धावले. बांधाला मधोमध बैलगाडी जाईल एवढं तोंड पडलं होतं आणि त्यातून गढूळ पाणी घुसत होतं. त्याला घाई नव्हती, ते नुसतं येत होतं, खाचर भरलं की पुढच्या खाचरात. भाताची लोंबी धरू लागलेली, ती पाण्याखाली गेली. पाणी तळ्याच्या पाळीपर्यंत आलं आणि वीतभर खाली थांबलं. मग ओहोटी लागली. पाळीवर सगळं गाव उभं होतं. पाऊस संपत आलेला. तळं एकदा खारं झालं असतं तर पुढच्या पावसापर्यंत ते धुऊन निघालं नसतं. आणि सर्वपित्री अमावस्येचं उधाण पौर्णिमेपेक्षा मोठं असतं हे लहान पोरालाही माहीत होतं. मधे अष्टमीच्या आसपास भांगाचे दिवस, तेव्हा भरतीला जोर नसतो. खांड बांधायची ती त्याच दिवसांत. त्यानंतर नाही.

गावदेवीच्या देवळापुढे सभा भरली. बाळारामला दोनदा निरोप गेला होता, तो आला नाही. पुरुष ओट्यावर, बायका खाली, आणि आमच्या ओळीतली माणसं रस्त्याच्या कडेला. कोणी म्हणालं पोलिसात जाऊ. कोणी म्हणालं सरकारची जमीन, सरकार बघेल. कोणी म्हणालं पितृपक्षात काम काढायचं नसतं. गोमाकाका मान खाली घालून बसले होते. त्यांना नियम मोडता येत नव्हता, कारण नियमामुळेच बाकीचा बांध उभा होता. आज त्यांनी बाळारामच्या वाट्याला हात लावला असता तर उद्या कोणीही कोणाच्या वाट्यावर गेला असता. हे मला आज कळतं. तेव्हा मला ते फक्त म्हातारे आणि भित्रे वाटले.

तेवढ्यात माय उठली. बाबांनी तिचा पदर ओढला. आम्ही भाडेकरू, गावाशी वाकडं आलं तर खोली जाणार होती, आणि पुन्हा बोचकी बांधायची ताकद कोणात नव्हती. बाबा पुटपुटले, "बस गं, आपल्याला काय करायचंय." तिने पदर सोडवून घेतला.

"दादाहो, म्या एक विचारते. माती टाकली की वाटा खाल्ला, असंच ना? मग ज्याला वाटाच न्हाई त्यानं टाकली तर? माझ्या नावावर जगात कुटं ढेकूळ न्हाई. मला सातबारा न्हाई, मला कोर्टात उभं करून बाळारामदादा काय घेनार? आमच्या वळीच्या बाया टाकतील माती. आमी लई टाकली हाय, दुसऱ्याच्याच बांधावर."

ओट्यावरून एक जण तडकला, "आथां भाडोत्री आमचा बांद बांदनार? उद्या हक्क सांगाल." दुसऱ्याने जे म्हटलं ते मी इथे लिहीत नाही. त्यात आमच्या जातीचा उल्लेख होता आणि तळ्याचाही. बाबांची मान आणखी खाली गेली. माय मात्र त्या माणसाकडे बघून शांतपणे म्हणाली, "ते तळं खारं झालं तर कोपरा कंचा बी असो, पानी खारंच लागंल."

मग गोमाकाका उठले. ते म्हणाले, "खारीतला चिखल कोनाचा?" कोणीतरी म्हणालं, कोणाचाच नाही. "मंग चिखल कापाला आपला हात चालंल. घमेला हातोहात दियाला चालंल. वाट्यावं ठेवताना शेवटचा हात गयाबायचा नि तिच्या बायांचा. आपला मानूस बाळारामच्या वाट्याला पाय लावनार नाय." एवढं बोलून ते उत्तराची वाट न बघता घरी निघाले, आणि त्यांच्या मागून हिराकाकी.

अष्टमीच्या सकाळी ओहोटी लागली तेव्हा मला वाटलं होतं की पाच-दहा माणसं येतील. जवळजवळ सगळं गाव आलं. परवा जो तडकला होता तोही आला, फक्त आमच्याकडे न बघता. पुरुष खाडीत उतरून लांब दांड्याच्या फावड्याने चिखल कापत होते, एकेक ढेकूळ चौकोनी. बायकांची रांग. घमेलं हिराकाकींकडून माझ्याकडे, माझ्याकडून पुढे. आणि बाळारामच्या हद्दीच्या दगडापाशी रांग थांबायची. तिथून पुढे फक्त आमच्या ओळीच्या बाया. गोमाकाका दगडाच्या अलीकडे उभे राहून सांगायचे, "आथां पेंढा दे. आथां खुंट. ठोकू नको गं, ठोकू नको, पडू दे तिला!" आणि पलीकडून माय ओरडायची, "ठाव हाय, ठाव हाय!" खांडीच्या दोन्ही टोकांकडून माती मधे येत गेली. माय कंबरभर चिखलात उभी होती, केस चिखलाने माखलेले, आणि मी तिला इतकं आनंदात कधी पाहिलं नव्हतं. मला तिचा अभिमान वाटत होता आणि तो कुठे ठेवावा कळत नव्हतं. म्हणून मी रांगेत पुढच्या बाईला घमेलं इतक्या जोरात देत होते की तिने मला शिवी हासडली.

तोंड बुजायला थोडंसंच राहिलं होतं तेव्हा बाळारामची स्कूटर आली. कोणीतरी पनवेलला कळवलं असणार. इस्त्रीची पँट, पायात बूट, बांधावर तो जपून जपून चालत आला. रांग थांबली. खाडीतली फावडीही थांबली.

"कोनी घातली माती?"

"म्या," माय खालून म्हणाली.

"तुजा काय हक्क?"

"हक्क न्हाई. मला पानी प्यायचंय."

बाळारामने गोमाकाकांकडे पाहिलं. काका दगडाच्या अलीकडे, पाय अगदी हद्दीला लावून उभे होते. पलीकडे त्यांचं बोटही नव्हतं. कोणाला कोर्टात न्यायचं हे त्या माणसाला कळेना. मग गोमाकाका हळूच म्हणाले, "बाळाराम, औंदा तुज्या वाट्यावर सगली माती परक्यांचीच पडली रं. तुजी एक मूठ पन नाय." ते एवढंच बोलले. नियम तोही जाणत होता. ज्याच्या वाट्यावर त्याची माती नाही, त्याचा वाटा कसला? सरकारला ताबा दाखवायची गोष्ट पुढची. आधी गावाला दाखवायला हवा होता. बाळारामच्या कपाळावरची शीर फुगली. त्याने बूट काढले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि तो खाली उतरला. मायच्या हातातलं ढेकूळ त्याने हिसकावून घेतलं आणि खांडीत असं ठेवलं की चिखल दोघांच्याही तोंडावर उडाला. मग तो थांबलाच नाही. भरती लागेपर्यंत तो माती ठेवत राहिला. रागाने माणूस इतकं चांगलं काम करू शकतो हे मी त्या दिवशी पाहिलं.

अमावस्येचं उधाण आलं. दुपारभर आम्ही सगळे पाळीवर बसून होतो. पाणी बांधाच्या माथ्याला लागलं, एका जागी थोडं पाझरलं, आणि उतरलं. संध्याकाळी गोमाकाकांनी तळ्यातलं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं, चूळ भरल्यासारखं फिरवलं आणि गिळून टाकलं. "गोड हाय," ते म्हणाले. आम्ही त्या पाण्यावर ते सगळं वर्ष काढलं.

खरं सांगायचं तर यानंतर फार काही बदललं नाही. तळ्यावरचा आमचा कोपरा तोच राहिला. माय लव्हाळ्यांच्या बाजूनेच हंडा भरत राहिली. मी एकदा मुद्दाम अलीकडच्या पायऱ्यांवर गेले तर हिराकाकींनीच मला डोळ्यांनी दटावलं, त्याच हिराकाकी ज्यांनी माझ्या हातात घमेली दिली होती. त्याचं दुःख मला आजही आहे. त्यांच्या भाकरीची आठवण येते तेव्हा तेही बरोबर येतं. पुढे नळ आले तेव्हा तो प्रश्न संपला. सुटला असं मी म्हणणार नाही. भराव आला, खाचरं गेली, बांधाच्या जागेवर आता रस्ता आहे आणि त्यावर लोक सकाळी फिरायला येतात.

पण भराव यायला अजून काही वर्षं होती. त्या खांडीनंतरच्या वैशाखात नेहमीप्रमाणे जोळ बसला. बऱ्याच घरांनी आता आम्हाला जमणार नाही असं सांगून टाकलं होतं. गोमाकाका बांधावर उभे राहून एकेका दगडापाशी थांबत होते आणि सुटलेले वाटे जो घेईल त्याला देत होते. बाळारामच्या शेजारचा वाटा आला तेव्हा त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि म्हणाले, "ह्यो गयाबायचा." कोणी हरकत घेतली नाही. कामच तर होतं, जमीन थोडीच होती. मायने पदर खोचला आणि त्याच ओहोटीला चिखल कापायला उतरली.

दिवस मावळताना ती घरी आली. बाबा जेवायला बसले होते. ती पायाचा चिखलही न धुता उंबऱ्यावर बसली. बाळाराम आला होता म्हणाली. त्याने म्हणे तिला दम दिला: "गयाबाय, तुजी माती माज्या वाट्यावं सांडता कामा नये हां. दगडाच्या इकडं आलीस त बग." तिनेही त्याला सुनावलं होतं: तुमचीच माती माझ्याकडं घसरायलीय, आधी ती काढा. शब्दाला शब्द वाढला, दोघांनी दोरी आणून हद्द मोजली, गोमाकाका मधे पडले. बाबा घास हातात धरून घाबरून ऐकत होते. आमच्या गावी अशी भांडणं पाटलांची, देशमुखांची, जमीनवाल्यांची व्हायची आणि आमची माणसं लांब उभी राहून बघायची. बाबा म्हणाले, "मग? आता काय म्हनतो तो? खोली सोडावी लागंल का?"

माय हसायला लागली. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली.

"आवं, खोली कामून सोडायची?" ती म्हणाली. "आज माझं बांधावरून भांडन झालं!"